ट्रॅव्हल ट्रेलरच्या वॉटर हीटरचा ड्रेन: नळ बसवू का, अ‍ॅनोड कधी बदलू आणि बाकीचे नेहमीचे प्रश्न

ट्रॅव्हल ट्रेलर म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, आणि त्यातला वॉटर हीटर वर्षभर कुणाच्या डोक्यात नसतो. मग एक दिवस टाकी रिकामी करायची म्हणून बाहेरचं छोटं दार उघडतो, तर तळाशी गंजलेलं बोल्टाचं डोकं, पाना घालायला जागा नाही, आणि ते सुटलं की पहिली धार थेट बाहीत. त्या ओल्या बाहीतूनच सगळ्यांना सुचतं की इथे सरळ एक नळ बसवून टाकावा. म्हणून बरेचसे प्रश्न त्या नळाचेच आहेत, बाकीचे त्याच्यामागून येतात.

माझ्या हीटरला ड्रेन कुठल्या प्रकारचा आहे हे कसं ओळखायचं?

दारावर किंवा आत लेबल असतं ते वाचा, आणि लेबल उडालं असेल तर प्लगच सांगतो. सबर्बन कंपनीच्या टाक्या लोखंडी असतात, आतून पोर्सिलेनचा थर असतो, आणि त्यांचा ड्रेन प्लग म्हणजेच अ‍ॅनोड रॉड (टाकीऐवजी स्वतः झिजणारी धातूची कांडी), म्हणजे बाहेरून बोल्टाचं डोकं दिसतं आणि आत लांबलचक कांडी. त्याचे आटे पाऊण इंची आणि सॉकेट लागतो १ १/१६ इंची, २७ मिमीचाही बसतो. अ‍ॅटवुडच्या (२०१४ पासून ही कंपनी डोमेटिककडे आहे) टाक्या अ‍ॅल्युमिनियमच्या, त्यांना अ‍ॅनोड नसतो, अर्धा इंची आट्यांचा साधा नायलॉनचा प्लग असतो. टाकी बहुतेक ६ किंवा १० गॅलनची, म्हणजे साधारण २३ किंवा ३८ लिटर. हे आधी नक्की करा, कारण पुढची निम्मी उत्तरं यावरूनच बदलतात.

प्लग काढायच्या आधी काय काय बंद करायचं?

गॅस आणि वीज, दोन्हीचे हीटर स्विच बंद. मग थांबायचं, आणि इथेच लोक घाई करतात. थर्मोस्टॅट साधारण ५४ ते ६० अंश सेल्सियसला असतो आणि तेवढं तापलेलं पाणी अंगावर आलं तर कातडी जाते, त्यामुळे मी आदल्या रात्रीच बंद करतो आणि सकाळी काम करतो. पाण्याचा पंप बंद, बाहेरून पाइप जोडला असेल तर तो बंद करून काढून टाका, मग आतला एखादा गरम पाण्याचा नळ उघडा म्हणजे दाब उतरेल. नळातून येणं थांबलं की हीटरवरचा रिलीफ व्हॉल्व्ह, म्हणजे दाब फार वाढला की आपोआप उघडणारी झडप, त्याची पट्टी हळूच उचलून बघा, तिथूनही काही जोरात येत नसेल तरच प्लगला पाना लावायचा.

दाब असताना प्लग सोडला तर शेवटच्या आट्यावर तो हातातून सुटून उडतो. लांब कांडीचा अ‍ॅनोड असेल तर काय होईल ते मी लिहायला नको.

प्लग निघाल्यावर रिलीफ व्हॉल्व्ह उघडाच ठेवा, वरून हवा शिरते आणि पाणी गुडगुड न करता सरळ धारेने निघतं.

ट्रेलरखालचे लो पॉइंट ड्रेन उघडले की टाकीपण रिकामी होते ना?

नाही. ते पाइपलाइनच्या सगळ्यात खालच्या जागी, पाइपमधलं पाणी सोडायला दिलेले आहेत. गरम पाण्याची लाइन टाकीच्या वरच्या भागातून निघते, त्यामुळे पाइप कोरडे झाले तरी टाकीत भरपूर पाणी राहतं आणि गाळ तर सगळाच राहतो.

मग प्लगच्या जागी नळ बसवून टाकू का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि माझं उत्तर ऐकून बरेच जण नाराज होतात: पाणी सोडणं सोपं होतं हे खरं, पण टाकी साफ होत नाही, आणि सबर्बनमध्ये नळ बसवताना तुम्ही अ‍ॅनोड काढून टाकता.

तो अ‍ॅनोड नुसता बूच नाहीये. पोर्सिलेनच्या थराला कुठेतरी बारीक तडा असतोच, तिथे लोखंड उघडं पडतं, आणि गंज तिथून सुरू होतो. मॅग्नेशियम किंवा अ‍ॅल्युमिनियम लोखंडाच्या आधी झिजतं म्हणून ते आत लटकवून ठेवलंय, म्हणजे पाणी जे खायचं ते कांडीला खाईल आणि टाकी वाचेल. कांडी काढून पितळी नळ लावला की पाणी टाकीला खायला लागतं. पहिल्या वर्षी काही दिसणार नाही, आणि जेव्हा दिसेल तेव्हा ते टाकीच्या बुडातून थेंब थेंब येईल आणि त्याला नवी टाकी हाच उपाय.

दुसरं म्हणजे नळ बसला की माणूस प्लग काढायचं विसरतो. वर्षातून एकदा कांडी बाहेर काढून बघणं हीच या हीटरची खरी देखभाल आहे, आणि ती नळामुळे हमखास बुडते. म्हणून बसवायचा तर बसवा, पण वर्षातून एकदा तो पूर्ण काढायचाच हे ठरवून.

नळासकट येणारे अ‍ॅनोड मिळतात, ते कसे?

मधला मार्ग म्हणून चांगले आहेत. बोल्टाच्या डोक्यातच बारीक ड्रेन व्हॉल्व्ह असतो आणि आत कांडी असतेच. तक्रार एकच, भोक बारीक असतं. पाणी निघायला वेळ लागतो ते ठीक, पण चुन्याची खपली आडवी आली की धार बंद, मग तुम्हाला वाटतं टाकी रिकामी झाली आणि ती अर्धी भरलेली असते. धार अचानक थांबली तर तारेने भोक मोकळं करून बघा. ज्यांना प्रवासात दर काही दिवसांनी पाणी सोडायचं असतं त्यांच्यासाठी ठीक, वर्षातून दोनदा रिकामी करणाऱ्याला याची गरज मला तरी दिसत नाही.

अ‍ॅटवुडला पितळी नळ किंवा पितळी प्लग चालेल?

मी लावणार नाही. अ‍ॅल्युमिनियमच्या आट्यात पितळ आणि मध्ये गरम पाणी, म्हणजे दोन वेगळ्या धातूंची बॅटरीच झाली, आणि झिजणार अ‍ॅल्युमिनियम, म्हणजे तुमचे टाकीचे आटे. नायलॉनचा प्लग तिथे दिलाय तो कंजूषपणा म्हणून नाही, तो गंज धरत नाही आणि कुणी जास्त आवळलाच तर प्लगचे आटे जातात, टाकीचे वाचतात. तो प्लग फालतू वाटतो आणि डोकं गोल होतं हे मान्य, पण म्हणून तर दोन जास्तीचे आणून दारामागे पिशवीत ठेवायचे. आधीच्या मालकाने पितळेचा बसवलेला असेल तर घाबरून आज रात्रीच काढायला जाऊ नका, पुढच्या वेळी टाकी रिकामी कराल तेव्हा हळू काढा, आटे नीट बघा आणि नायलॉनचा लावा.

ठीक आहे, पण सबर्बनला बसवायचाच आहे. कुठला नळ, कसा?

फुल बोअरचा बॉल व्हॉल्व्ह, म्हणजे उघडल्यावर आरपार दिसतो तो, आखूड निपलवर (दोन्ही टोकांना आटे असलेला पाइपचा तुकडा). गोल चावीचे छोटे पेटकॉक नको, त्यांची वाट वाकडी आणि अरुंद असते, पहिल्याच खपलीला अडकतात. प्लॅस्टिकचा अजिबात नको, शेजारी बर्नरची नळी आहे.

विकत घ्यायच्या आधी पुठ्ठ्याचा तेवढ्याच लांबीचा तुकडा कापून तिथे धरून बघा आणि दार लावून बघा. निम्म्या लोकांचं काम इथेच थांबतं कारण नळ बसतो पण दार लागत नाही. दांडा फिरवताना बर्नरला, गॅस व्हॉल्व्हला किंवा वायरींना लागत नाही ना तेही. निपल जितका लांब तितका रस्त्यावरच्या धक्क्यांनी तो टाकीच्या आट्यांवर ताण देतो, त्यामुळे लांब पाइप काढून एल्बो लावून दाराबाहेर आणायची आयडिया ऐकायला मस्त आहे, करू नका. नळाच्या तोंडाला आट्यांची टोपी लावून ठेवा, म्हणजे चुकून दांडा हलला तरी गरम पाणी बाहेर येणार नाही.

आणि अ‍ॅनोड गेला त्याचं काय, तर टाकीच्या आत दुसरीकडे तो बसवायला सहसा जागाच नसते. म्हणून फिरून परत तेच: सबर्बनवाल्याने एकतर नळासकट अ‍ॅनोड घ्यावा नाहीतर आहे तो प्लग ठेवावा आणि चांगला सॉकेट विकत घ्यावा.

रिलीफ व्हॉल्व्हच्या भोकात मात्र काहीही बदल करायचा नाही. तो १५० पीएसआय दाबाला किंवा २१० अंश फॅरनहाइटला (९९ अंश सेल्सियस) उघडतो आणि टाकी फुटू नये म्हणून आहे. तिथे बूच लावणं, नळ लावणं, ड्रेनसाठी फाटा काढणं, काही नाही.

अ‍ॅनोड कधी बदलायचा?

साधारण तीन चतुर्थांश झिजला की. नवा रॉड गुळगुळीत आणि बोटभर जाड असतो, जुना बाहेर काढला की वाळवीने खाल्लेल्या काठीसारखा दिसतो, जागोजागी खड्डे, टोकाकडे बारीक होत गेलेला, आणि मधूनमधून आतली लोखंडी तार उघडी. तार बरीच दिसायला लागली की बदला. काही ठिकाणचं पाणी एका सीझनमध्ये कांडी संपवतं, काही ठिकाणी तीन वर्षं टिकते, त्यामुळे कॅलेंडर बघून ठरवू नका, काढून बघा. आणि रॉड खूप झिजलाय म्हणजे हीटर खराब आहे असं समजून लोक वैतागतात, उलट आहे, दोन वर्षांनीही तो नव्यासारखा निघाला तर चिंता करा, कारण मग तो कामच करत नाहीये.

टेफ्लॉन टेप लावला तर अ‍ॅनोड काम करतो का?

करतो, दोन-तीन वेढे असतील तर. आवळताना आटे टेप कापून धातूला धातू लागतो. शंका असेल तर मल्टिमीटर घ्या, एक टोक बोल्टाच्या डोक्याला, दुसरं टाकीच्या उघड्या धातूला (रिलीफ व्हॉल्व्हचं अंग चालतं), जवळजवळ शून्य ओहम दाखवलं की झालं. आठ-दहा वेढे गुंडाळले तर मात्र कांडीचा टाकीशी विजेचा संपर्क तुटू शकतो आणि मग ती काम करत नाही. नायलॉन प्लगलाही टेप चालतो. हाताने पहिले दोन-तीन आटे सरळ बसले की मगच पाना लावा, लोखंडी बोल्ट तिरका घुसवला की तो वाकड्या वाटेने आत जातो आणि बाहेर येताना टाकीचे आटे घेऊन येतो.

अ‍ॅनोड हलतच नाहीये.

माझाही नव्हता. साध्या रॅचेटवर लटकलो, बूट ट्रेलरला टेकवले, शेवटी सॉकेट सटकून बोटांची सालं गेली ती वेगळीच. चूक सॉकेटची होती, बारा कोनांचा होता आणि अर्धाच बसला होता. सहा कोनांचा खोल सॉकेट, छोटं एक्स्टेन्शन आणि लांब ब्रेकर बार (घट्ट बोल्ट सोडवायचा दांडा) घेतला, गंज सोडवणारं तेल आट्यांवर मारून रात्रभर ठेवलं, सकाळी एक कट्ट आवाज आला आणि सुटला. हिसके मारू नका, सलग जोर लावा आणि दुसऱ्या हाताने सॉकेट डोक्यावर दाबून धरा. इम्पॅक्ट गन वापरणारे आहेत, चालतं असं म्हणतात, पण पोर्सिलेनच्या थराला ठोके बसलेले मला आवडत नाहीत. बसवताना मात्र कोणतीही गन नको.

पाणी सोडलं की सगळं बर्नरवर आणि ट्रेलरच्या भिंतीवर उडतं, काय करू?

यासाठीच बहुतेकांना नळ हवा असतो, आणि यावर फुकटातला उपाय आहे. प्लॅस्टिकची बाटली उभी कापा म्हणजे पन्हाळ होते, तिचं एक टोक ड्रेनच्या भोकाखाली सरकवा आणि दुसरं दाराच्या कडेबाहेर येऊ द्या. पहिली जोराची धार पन्हाळीतून बाहेर जाते, बर्नर कोरडा राहतो. पातळ पत्र्याची कायमची बनवली तर अजून छान. बर्नरमध्ये पाणी गेलंच तर पूर्ण वाळू द्या, मगच पेटवा, नाहीतर तो फटफट करून विझतो आणि तुम्ही गॅस तपासत बसता.

पाणी गेलं, म्हणजे टाकी साफ झाली का?

नाही, आणि नळ बसवलेल्यांचा इथेच गैरसमज होतो. ड्रेनचं भोक अगदी तळाला नसतं, थोडं वर असतं, त्यामुळे तळाशी पाण्याचा थर राहतो आणि पांढऱ्या खपल्या, अ‍ॅनोडचा चुरा, सगळं त्या थरात बसलेलं असतं. त्यासाठी फ्लशिंग वाँड म्हणजे बागेच्या पाइपला लावायची बारीक वाकडी नळी घ्या, प्लगच्या भोकातून आत घाला, पाणी सोडून तळावर इकडेतिकडे फिरवा. पहिल्यांदा केलं तेव्हा माझ्याकडे मूठभर पांढरा कचरा पायाशी पडला होता, अंड्याच्या टरफलासारखा, आणि मी आपला समजत होतो की टाकी स्वच्छ आहे. बाहेर येणारं पाणी नितळ दिसेपर्यंत चालू ठेवा. ट्रेलर ड्रेनच्या बाजूला जरा कलता उभा असेल तर अजून निघतं.

हे सगळं करायला प्लगचं पूर्ण भोक लागतं, नळातून वाँड जात नाही.

चुन्याचा थर जात नाही, व्हिनेगर घालू का?

घाला. दोन भाग पांढरं व्हिनेगर, एक भाग पाणी, म्हणजे ६ गॅलनच्या टाकीला साधारण १५ लिटर व्हिनेगर लागतं, हो, एवढं. टाकी भरून हीटर एक-दोनदा तापवा, काही तास ठेवा, मग सोडून वाँडने धुवा. सबर्बन असेल तर आधी अ‍ॅनोड काढून त्या जागी साधा प्लग लावा, कारण व्हिनेगर चुन्याबरोबर मॅग्नेशियमपण खातं आणि नवा रॉड फुकट जातो. आणि व्हिनेगर अन् ब्लीच एका वेळी कधीच नाही, विषारी क्लोरीन वायू होतो. दोन्ही करायचं असेल तर मध्ये टाकी आणि पाइप साध्या पाण्याने भरपूर धुऊन घ्या.

गरम पाण्याला सडक्या अंड्यांचा वास येतो.

फक्त गरम पाण्याला येत असेल तर टाकी. पाण्यातल्या सल्फेटवर जगणारे जिवाणू असतात, मॅग्नेशियमच्या कांडीमुळे त्यांचं फावतं आणि हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. टाकी रिकामी करून धुवा, मग बिनवासाचं साधं ब्लीच पिण्याच्या पाण्याच्या टाकीत घाला, १५ गॅलनला म्हणजे ५७ लिटरला पाव कप, साधारण ६० मिली. पंप चालू करून सगळ्या नळांना क्लोरीनचा वास येईपर्यंत पाणी खेचा, चार तास ठेवा आणि सगळं धुऊन काढा. परत परत येत असेल तर पुढचा अ‍ॅनोड अ‍ॅल्युमिनियम-जस्ताचा घ्या.

यालाच जोडून एक: अ‍ॅनोडवाला हीटर भरलेला असून दोन आठवडे किंवा जास्त वापरला नसेल तर गरम पाण्याच्या लाइनमध्ये हायड्रोजन साठू शकतो, आणि तो पेट घेतो. परत आलात की आधी खिडकी उघडा, गरम पाण्याचा नळ काही मिनिटं सोडून ठेवा, तोपर्यंत काडी नाही, सिगारेट नाही, विजेची उपकरणंही नाहीत.

रिलीफ व्हॉल्व्ह ठिबकतोय, खराब झाला का?

बहुतेक नाही. टाकीत वरच्या बाजूला हवेचा थर असतो, पाणी तापून फुगलं की तो दबतो. दिवस गेले की ती हवा पाण्यात विरघळून निघून जाते, मग फुगलेल्या पाण्याला जागा नाही म्हणून व्हॉल्व्ह ठिबकतो. हीटर बंद, पाणी गार, पंप आणि बाहेरचं पाणी बंद, आतला गरम नळ उघडा, रिलीफ व्हॉल्व्हची पट्टी उचलून पाणी थांबेपर्यंत धरा, मग पट्टी खटकन सोडा म्हणजे नीट बसते, नळ बंद करा आणि पाणी चालू. टाकी रिकामी करून भरली की हवेचा थर आपोआपच होतो. तरीही ठिबकत राहिला तर बदला, घासून पुसून वापरायची वस्तू नाही ती.

गोठणाऱ्या थंडीत नळ असेल तर वेगळं काही?

बॉल व्हॉल्व्ह बंद असताना आतल्या गोळ्याच्या भोकात चमचाभर पाणी अडकतं, ते गोठलं की अंग तडकतं. म्हणून टाकी रिकामी झाल्यावर दांडा अर्धवट, ४५ अंशात ठेवा. बाकी नेहमीचंच: टाकी रिकामी, मागचे बायपास व्हॉल्व्ह (पाणी टाकीत न जाता पाइपमधून पुढे जावं यासाठीचे) बायपासवर, मग पाइपलाइनमध्ये गुलाबी बिनविषारी अँटिफ्रीझ (थंडीत पाइप फुटू न देणारं द्रव). बायपास विसरलात तर आधी सगळी टाकी अँटिफ्रीझने भरते आणि नळाला काही येतच नाही. वसंतात उलट होतं, बायपास तसाच राहतो आणि लोक गरम पाणी येत नाही म्हणून हीटर उघडून बसतात.

आटे गेले तर टाकी बदलायची?

लगेच नाही. पाऊण इंची किंवा अर्धा इंची एनपीटी टॅप (पाइपचे आटे पाडायचं हत्यार) घेऊन आटे हलक्या हाताने साफ करून बघा, दोन्हीला इंचाला १४ आटे असतात. टॅपला ग्रीस लावा म्हणजे चुरा त्यालाच चिकटतो. मोठ्या मापाचे आटे पाडणं वगैरे उद्योग पातळ अ‍ॅल्युमिनियमवर करू नका.

माझ्याकडे ट्रुमा आहे, त्यात असा प्लगच नाही.

ट्रुमा कंपनीचा प्रकार वेगळा. त्यांच्या बऱ्याच बॉयलरला फ्रॉस्टकंट्रोल नावाचा व्हॉल्व्ह असतो, साधारण ३ अंश सेल्सियसला तो आपोआप उघडून टाकी रिकामी करतो आणि ७ अंशांच्या वर गेल्याशिवाय बंद होत नाही. थंड सकाळी खाली सगळं पाणी सांडलेलं दिसलं तर गळती शोधू नका. वरचे नळ-अ‍ॅनोडचे प्रश्न तुमच्यासाठी नाहीत.

रिकामी करून ठेवताना प्लग परत लावायचा की उघडी ठेवायची?

दोन दिवस उघडी ठेवून वाळू द्या, मग प्लग हाताने दोन-तीन आटे लावून ठेवा, नाहीतर आत किडे घर करतात. आणि विजेच्या स्विचवर चिकटपट्टी लावा. मी एका वर्षी नाही लावली. टाकी भरायच्या आधी दुसऱ्या कुठल्यातरी बटणाच्या नादात तो दाबला गेला आणि १४४० वॅटचं एलिमेंट कोरड्या टाकीत मिनिटभरातच गेलं. गॅसवर पाणी तापत होतं म्हणून ते गेलंय हे कळायलाच मला तीन आठवडे लागले. आता पट्टीवर मार्करने लिहितो, "टाकी रिकामी", आणि गरम नळातून हवा न येता सलग धार आल्याशिवाय ती काढत नाही.